नाराच्या दारातला काकूंचा प्रश्न

जपानमधलं नारा शहर म्हणजे आमच्या टूरच्या आयटिनररीत दीड तास. त्यातला अर्धा हरणांना बिस्किटं घालण्यात जातो, आणि तोदाइजी देवळाच्या दक्षिण दरवाज्याखालून, नानदाइमोनखालून, लोक मोबाईल बघत सरळ निघून जातात. वेळ वाढवा म्हणून ऑफिसला कितीदा सांगितलं, ऐकतच नाहीत.

यावेळी मी ग्रुपला दारातच थांबवलं. दोन्ही बाजूंना निओ, आठ मीटरहून उंच लाकडी द्वारपाल, 1203 मध्ये उन्केई, काइकेई आणि त्यांच्या कारागिरांनी 69 दिवसांत उभे केलेले. एका ओंडक्यातून कोरलेले नाहीत, हजारो तुकडे, अनेक हात एकाच वेळी वेगवेगळे भाग कोरतायत आणि शेवटी सगळं जुळतंय! हे सांगताना मला दरवेळी काटा येतो.

मग मागची गोष्ट सांगितली. 1180 च्या हिवाळ्यात तेव्हा सत्तेवर असलेल्या ताइरा घराण्याच्या फौजेने नारा जाळलं, तोदाइजीतल्या मोठ्या बुद्धाची मूर्तीही वितळली. साठी ओलांडलेला चोगेन भिक्षू देऊळ पुन्हा उभारायला वर्गणी मागत गावोगाव फिरला. 1185 मध्ये निवृत्त सम्राट गो-शिराकावाने पुन्हा ओतलेल्या मूर्तीचे डोळे स्वतः रंगवले, आणि ब्रश तोच, आपल्याकडून गेलेल्या बोधिसेन भिक्षूने 752 मध्ये मूळ मूर्तीसाठी वापरलेला. त्याच वर्षी ताइरा संपले, त्यांच्याविरुद्ध युद्ध जिंकलेल्या मिनामोतो घराण्याच्या योरितोमोने तांदूळ, सोनं, रेशीम पाठवलं आणि 1195 मध्ये नव्या मंडपाच्या सोहळ्याला फौजफाटा घेऊन आला.

ग्रुपमधल्या एक काकू, रिटायर्ड शिक्षिका, म्हणाल्या, "अरे, मग हा योरितोमो भाविक होता की राजकारणी?"

मी घड्याळाकडे बघत बोलून गेलो, "राजकारणी हो काकू, दुसरं काय," आणि सगळ्यांना पुढे काढलं कारण बस थांबणार नव्हती. पण तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं, आणि इतका चांगला प्रश्न वर्षातून एखादाच येतो.

रात्री जेवताना मुद्दाम त्यांच्या टेबलावर गेलो. म्हटलं, काकू, एक सांगायचं राहिलं. बुद्ध पुन्हा ओतणारा चिनी कारागीर चिन नाकेई, त्याला योरितोमोने भेटायला बोलावलं तर तो गेला नाही, या माणसाने फार जीव घेतलेत म्हणाला. योरितोमोने रागावण्याऐवजी त्याला स्वतःचं युद्धातलं चिलखत, घोडे, सोनं-चांदी पाठवलं. नाकेईने बरंचसं परत केलं, चिलखत मात्र ठेवलं, बांधकामाच्या खिळ्यांसाठी.

काकू बराच वेळ ताटाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भेटला नाही, पण देवळात खिळे त्याच्याच चिलखताचे."

मला काही बोलता आलं नाही.