झुकर रॅट: पाटीवरचं ‘बारीक’ पुरत नाही

सोमवार

पिंजऱ्याच्या पाटीवर नुसतं ‘बारीक’ लिहून भागत नाही. झुकर रॅट म्हणजे प्रयोगशाळेतला जन्मजात लठ्ठ होणारा उंदीर. त्याचा लठ्ठपणा अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे सदोष ‘फा’ प्रत आई-बाप दोघांकडून आली (फा/फा) तरच. फा/फा मादी वांझ, नराचाही भरवसा नाही, म्हणून जोडी लावायची ती दोन वाहकांची, म्हणजे एकच सदोष प्रत असलेल्यांची. चार पिल्लांमागे सरासरी एक लठ्ठ, आणि उरलेल्या तीन बारकुड्यांतले दोन वाहक. वाहक दिसायला साधेच. पण चरबी आणि रक्तातलं लेप्टिन (चरबीतून येणारं, भूक आवरणारं संप्रेरक) नीट मोजलं तर निखळ, म्हणजे दोन्ही प्रती चांगल्या असलेल्या, भावंडांपेक्षा किंचित वर निघतं. दोघांना एकाच ‘कंट्रोल’ गटात कोंबलं की त्या गटाची सरासरी मधेच कुठेतरी लोंबकळते आणि आकड्यांचा पसारा वाढतो.

लोइस आणि थिओडोर झुकर यांनी हा लठ्ठपणा 1961 मध्ये नोंदवला. दोष पाचव्या गुणसूत्रावरच्या लेप्टिनचा संदेश पकडणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकात आहे हे कळायला 1996 उजाडलं. नजरेने वर्गवारी करायची सवय त्या काळातली, ती अजून जात नाही. पाच आठवड्यांचं लठ्ठ पिल्लू हातात घेतलं की कळतं हे खरं, पण दूध तोडताना, 21 व्या दिवशी, नजर हमखास चुकते.

मंगळवार

जनुकातला बदल डीएनएच्या एकाच अक्षराचा. 806 क्रमांकाच्या जागी ए जाऊन सी आला. सीएजीचं सीसीजी झालं, म्हणजे प्रथिनात 269 व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलिन. पुढचं अक्षर जी असल्यामुळे सीसीजीजी असा क्रम जुळतो, आणि एमएसपी-वन हे एन्झाइम नेमकं तिथेच कापतं. मुद्दाम कोणी सोय करून ठेवल्यासारखं!

तपासणीसाठी कानाचा 2 मिलिमीटरचा तुकडा, प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज के घालून 55 अंशांवर रात्रभर. मग 95 अंशांवर 10 मिनिटं; ही पायरी गाळली तर उरलेलं प्रोटिनेज पीसीआरचं (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीचं) पॉलिमरेज एन्झाइम फस्त करतं आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणारं जेल कोरं येतं. पीसीआर झाल्यावर एमएसपी-वन 37 अंशांवर किमान 2 तास, नंतर 3 टक्के अ‍ॅगरोजचं जेल. न कापलेलाच पट्टा दिसला तर निखळ, कापलेलेच दिसले तर फा/फा, दोन्ही दिसले तर वाहक.

घोळ होतो तो कापणी अर्धवट राहिली की: फा/फासुद्धा वाहकासारखा दिसतो. पीसीआरचं मिश्रण जास्त ओतलं की क्षारांमुळे एन्झाइम मंदावतं, म्हणून ते एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. उलट, खऱ्या वाहकात न कापलेला पट्टा अपेक्षेपेक्षा ठळक दिसला तर दचकायचं कारण नाही. शेवटच्या फेऱ्यांत एक धागा या प्रतीचा, एक त्या प्रतीचा अशा मिश्र जोड्या बनतात आणि त्या कापल्या जात नाहीत. प्रत्येक जेलवर खात्रीचा एक फा/फा आणि एक वाहक चढवलेला असला की हा सगळा वाद तिथल्या तिथे मिटतो.

बुधवार

‘रिसेप्टर बंद पडला’ हे सर्रास बोललं जातं, आणि ते अर्धसत्य आहे. झुकरमध्ये रिसेप्टर बनतो, पण प्रोलिनमुळे बराचसा पेशीच्या आतच अडकतो. पृष्ठभागावर थोडाच पोचतो, आणि तोही संदेश अशक्तपणे पुढे देतो. म्हणून लेप्टिनचा मोठा डोस थेट मेंदूत दिला तर हा प्राणी थोडं कमी खातो. कोलेत्स्की या दुसऱ्या लठ्ठ रॅटमध्ये त्याच रिसेप्टरच्या 763 व्या जागी थांब्याचा संकेत आहे. पेशीच्या पटलात रुतणारा भाग येण्याआधीच प्रथिनाची साखळी संपते, मग पृष्ठभागावर राहायला काही उरतच नाही. उरलंसुरलं काम मोजायचं असेल तर हे दोन्ही रॅट शेजारी ठेवावेत, एकट्या झुकरवरून बोलू नये.

आणि सगळा दोष भुकेवर ढकलायचीही गरज नाही. बारीक भावंडाइतकंच मोजून घातलं तरी फा/फा चरबी जास्तच साठवतो.

गुरुवार

रिसेप्टरची रूपं अनेक. हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या भूक सांभाळणाऱ्या भागात, संदेश चालवतं ते मुख्यतः लांब रूप, जेएके-2 आणि स्टॅट-3 या प्रथिनांमार्फत. रिसेप्टर किती बनतो हे पीसीआरने मोजताना प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) सर्व रूपांना सामाईक असलेल्या बाहेरच्या भागावर ठेवले तर मुख्यतः आखूड रूपच मोजलं जातं. ते मेंदूतला द्रव तयार करणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये भरपूर असतं. हायपोथॅलॅमस कापताना त्याचा एवढासा तुकडा सोबत आला की आकडा फुगतो. निदान एक प्रायमर लांब रूपाच्याच शेपटीवर हवा.

रिसेप्टरचं काम चालतंय का, हे फॉस्फोरिलेटेड (फॉस्फेट जोडून चालू झालेलं) स्टॅट-3 दाखवतं. प्राणी रात्रभर उपाशी हवा, नाहीतर स्वतःच्या लेप्टिनने पार्श्वभूमी आधीच उजळलेली असते. लेप्टिन दिल्यावर साधारण 45 मिनिटांनी ऊती घ्यायची. फिक्स केलेल्या कापांना अँटिबॉडीआधी सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया लागते. ती टाळली तर निखळ प्राण्याचं आर्क्युएटसुद्धा (हायपोथॅलॅमसमधलं लेप्टिनला दाद देणारं केंद्र) कोरं दिसतं, आणि मग अख्खी वसाहतच फा/फा आहे की काय असं वाटायला लागतं.