ब्रेक दाबला आणि मीटर उजळला

"काका, ब्रेकलाइटचा बल्ब तिसऱ्यांदा गेला. हल्ली बल्बच खराब येतात का?"

पंचविशीतला मुलगा, मोटरसायकल नीट राखलेली, चेनला वेळच्या वेळी तेल दिलेलं. मी बल्ब काढून पाहिला. नेहमीचाच, आत दोन तारा असलेला: टेललाइटची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. २१ ची तार तुटली होती, काच काळवंडली होती. मागच्या लाल काचेचं प्लास्टिक बल्बच्या बरोबर वर मऊ पडून सुरकुतलं होतं. ब्रेकची तार एका वेळी काही सेकंदच पेटते आणि तेवढ्यात प्लास्टिक वितळत नाही. म्हणजे ही तार तासन् तास जळत होती.

नवा बल्ब बसवला, चावी फिरवली आणि लाइटचं बटण बंदच ठेवून ब्रेक दाबला. मागचा दिवा लागला. त्याच क्षणी समोर वेग दाखवणाऱ्या मीटरमधला दिवाही लागला. पाय काढला, दोन्ही विझले. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. ब्रेकचा आणि मीटरचा एकमेकांशी काही संबंध नसतो. मीटरचा दिवा असतो टेललाइटच्या वायरवर. या दोन वायरी कुठेतरी एकत्र झाल्या होत्या.

"मागे काही जोडलंयस का?" मी विचारलं.

तो जरा थांबला, मग सीटखालची पट्टी त्याने स्वतःच दाखवली. घरी बनवलेली, लाल एलईडींची. टेलवर लागावी आणि ब्रेकवरही लागावी म्हणून त्याने दोन्ही वायरी सोलून पट्टीच्या एकाच वायरीला पिळून जोडल्या होत्या. पट्टी खरंच दोन्ही वेळा लागत होती. पण त्या जोडातून रात्री टेललाइटचा करंट ब्रेकच्या तारेत शिरत होता आणि २१ वॅट अखंड जळत होते.

पट्टी का लावली, ते मला आधी ऐकायचं होतं. बायको रुग्णालयात काम करते, तिची पाळी रात्री संपते आणि हा तिला घ्यायला जातो. परतीचा बराच रस्ता अंधाराचा. एका रात्री टेललाइटची तार तुटली आणि ते घरी पोचेपर्यंत दोघांना कळलंच नाही. "मागे ती बसलेली असते, काका," एवढंच तो म्हणाला. त्याची भीती शंभर टक्के खरी होती. चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा कधीच दिसत नाही.

अंधार पडेपर्यंत मी त्याला थांबवून घेतलं. दुरुस्तीला हात लावण्याआधी एक गोष्ट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवी होती. गाडी चालू केली, लाइट लावले आणि त्याला तीस पावलं मागे उभं केलं. "मी ब्रेक दाबला की हात वर कर." मी पाच वेळा दाबला. त्याचा हात एकदाही वर गेला नाही. सहाव्यांदा मीच ओरडून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "दाबलात कधी?"

तो जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. इतके दिवस मागून येणाऱ्याला त्याचा ब्रेक दिसतच नव्हता. दिवा मोठा झाला होता, पण मंद आणि प्रखर यातला फरक मेला होता, आणि मागचा चालक हात-पाय हलवतो तो त्या फरकावर.

रागावण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोघं बाकड्यावर बसलो आणि पट्टी नव्याने केली.

जुन्या पट्टीत त्याने एका ओळीत सहा एलईडी घातले होते, करंट आवरणारा रेझिस्टर नव्हताच. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, सहा दुणे बारा, असा त्याचा हिशेब. पण बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात तेवढंच. इंजिन चालू असताना मी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला तर तो १४.२ दाखवत होता. वरचे दोन व्होल्ट अडवायला काहीच नसल्याने करंट भरमसाट वाढतो. त्याच्या दोन ओळी आधीच मेल्या होत्या, कारण ओळीतला एक गेला की सगळी ओळ जाते.

नव्या पट्टीत ओळीला चारच एलईडी घेतले, अशा सहा ओळी. प्रत्येक ओळीला दोन वाटा: ब्रेककडून ३३० ओहमचा रेझिस्टर, टेलकडून २.२ किलोओहमचा. पहिल्या वाटेने सुमारे १७ मिलिॲम्पिअर मिळतात आणि पट्टी झगझगते, दुसऱ्या वाटेने अडीच, आणि ती मंद राहते. मुख्य गोष्ट दोन डायोड, प्रत्येक वायरीवर एक. करंट पट्टीत येईल, पण एका वायरीतून दुसरीत उलटा जाणार नाही. चार आण्यांएवढा तुकडा, पण त्याच्या सगळ्या त्रासाचं उत्तर तोच होता. सहाही ओळी मिळून ब्रेकवर ०.१ ॲम्पिअर घेतात. एकटा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन घेतो.

पिळलेले जोड काढून सोल्डरने डाग दिले, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, चढवली आणि वायर चौकटीला बांधली. मोकळी वायर थरथरून डागाच्या कडेलाच तुटते. पट्टी आधी जमिनीकडे झुकलेली होती, ती मागच्या चालकाच्या डोळ्यांच्या दिशेने सरळ केली. ब्रेकवर ती लुकलुकावी अशी त्याची इच्छा होती. मी नाही म्हटलं. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंडिकेटर, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलंय. मूळचा बल्बही जागेवरच ठेवला. पट्टी जोडीला असावी, बल्बच्या बदली नव्हे.

पुन्हा तीस पावलं. या वेळी मी ब्रेकला पाय लावला न लावला तोच त्याचा हात वर गेला. एलईडी बल्बच्या तारेपेक्षा साधारण ०.२ सेकंद आधी पूर्ण पेटतो, आणि ताशी ६० च्या वेगात तेवढ्या वेळात गाडी तीन मीटरांहून जास्त जाते. मी दहा वेळा दाबला, त्याने दहा वेळा हात वर केला. मग म्हणाला, "आता तुम्ही मागे जा, मी दाबतो," आणि मीही गेलो.

तेव्हापासून वायरिंगला कुठलीही गाडी आली की लाइट बंद ठेवून आधी ब्रेक दाबतो आणि मीटरकडे बघतो. त्याच महिन्यात आणखी दोन गाड्यांचे मीटर उजळले.