पाच टोकांची चांदणी

"पतंगी कागद? तो आत्ता कुठला! संक्रांतीच्या जरा आधी या," म्हणत दुकानदाराने नाताळची घडीची पुठ्ठ्याची चांदणी माझ्यासमोर उघडून धरली. भोकाभोकांची, चमकी लावलेली. मी टोकं मोजली. सात. चांदणीची टोकं मोजायची मला खोड आहे, आणि पाचाच्या वर निघाली की माझं मन उठतंच.

खोड वसईची. डिसेंबर लागला की शेजारच्या अंकलच्या ओट्यावर कामट्या पडायच्या. पाटीवर पेन्सिल न उचलता काढतो तीच चांदणी, पाच कामट्यांची. अशा दोन. एकीवर एक ठेवून टोकं सुतळीने आवळायची आणि आत कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बोटाएवढ्या पाच काड्या उभ्या कोंबायच्या. बांबू करकरायचा आणि चपटी चांदणी पोट फुगवून उठायची.

सांगाडा दरवर्षी तोच, माळ्यावरचा. कागद तेवढा नवा. जुना फाडला तरी कडेची खळ काही सुटायची नाही, त्यामुळे कामट्यांवर आधीच्या नाताळांच्या किनारी राहिलेल्या असत. लाल, त्याखाली पिवळा, त्याखाली पांढरा. त्या नखाने सोलणं हे माझं काम. एकदा लालखाली जांभळा लागला. तो मी ओळखला, आमच्या दिवाळीच्या कंदिलाचा! कंदिलातून उरलेले ताव आई अंकलकडे द्यायची, त्यांच्याकडचे तुकडे जानेवारीत फाटक्या पतंगांना लागायचे. खळही एकच, मैद्याची, मोरचूद घातलेली. नाहीतर झुरळं आधी जेवून जातात.

नाताळ हा शब्द पोर्तुगीज, कंदील अरबी, कागद फारसी. खास आपली म्हणावी अशी त्यात कामटीच उरते.

जर्मनीत निस्की गावच्या मुलांच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमिती शिकवण्यासाठी कागदाची चांदणी करून घेत म्हणे. आज ती हेर्नहुट गावची म्हणून ओळखली जाते आणि तिला २५ टोकं असतात. म्हणजे मला नापास करायची सोय तिकडेही होती.

तर शेवटी मी घोटीव कागद घेऊन आलो. कामट्या खराट्यातून निघत नाहीत हेही याच वयात कळायचं होतं; बुरुडाकडून बांबू चिरून आणला. एक टोक जरा लंगडं झालं. अंकलनी ते सोडून पुन्हा बांधलं असतं. ते नुसतं बघायचे आणि सुतळी सोडायला लागायचे, बोलायचे नाहीत.

संध्याकाळी गॅलरीत टांगली, आत बल्ब सोडला. घोटीव कागदातून उजेड काही धड बाहेर येईना. खालून एका पोराने मान वर करून विचारलं, "काका, तुमची लाइट गेली?"

"हो," म्हटलं, "मगाशीच."