तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगलवर दुसऱ्यांचं बोलणं ऐकलं तर गुन्हा होतो का?

लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत बसणारा छोटा, स्वस्त रेडिओ रिसीव्हर) लावला की 24 ते 1766 मेगाहर्ट्झपर्यंतचं बरंच काही कानावर पडतं. मग हमखास विचारलं जातं: पोलिसांचं किंवा सोसायटीच्या वॉचमनचं वॉकीटॉकीवरचं बोलणं उघड्यावर येतंय, आपण नुसतं ऐकलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं. दूरसंचार कायदा 2023 च्या कलम 42(2) नुसार बेकायदा संदेश पकडला तर 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम 26 जून 2024 पासून लागू आहे. ‘संदेश’ म्हणजे आवाज, मजकूर, चित्र, डेटा, सगळंच. तो कूटबद्ध असावा लागतो असं व्याख्येत कुठेही नाही. आणि वॉचमन गेटवरून सांगतो काय? अमक्या फ्लॅटमध्ये आज कुणी नाही, पार्सल खालीच ठेवा. हे ऐकायचा हक्क तिऱ्हाइताला का असावा?

सरकारलाही मोकळं रान नाही. फोन ऐकायला एरवी गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. तो 60 दिवस चालतो, वाढवून जास्तीत जास्त 180. लाचेच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये असे तीन आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांतलं एकही कारण तिथे नव्हतं. पकडलेल्या संभाषणाच्या प्रती नष्ट करायलाही सांगितलं. तो निकाल जुन्या 1885 च्या तार कायद्याखालचा, पण या दोन अटी नव्या कायद्यातही आहेत.

मग ऐकायचं काय? एफएम, हौशी रेडिओवाल्यांच्या उघड गप्पा, आणि सगळ्यात सुंदर म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ते कधीकधी 145.800 मेगाहर्ट्झवर हौशी मंडळींसाठीच चित्रं पाठवतं.

त्यासाठी द्विध्रुव अँटेना पुरतो: तांब्याच्या दोन काड्या, प्रत्येकी 49 सेंटिमीटर, मध्ये 120 अंशांचा कोन, गच्चीवर आडव्या. विंडोजवर झॅडिग या ड्रायव्हर बसवायच्या प्रोग्रॅममधून डोंगलचा ड्रायव्हर बदलताना यादीतलं ‘बल्क-इन इंटरफेस 0’ हेच निवडा. घाईत चुकीची ओळ निवडली तर माऊस किंवा कीबोर्ड बंद पडतो.

नवखे अडतात ते वारंवारतेच्या चुकीवर. स्वस्त डोंगलमधला वारंवारता ठरवणारा स्फटिक 50 पीपीएम (दहा लाखांत 50 भाग) चुकत असेल तर 145.8 मेगाहर्ट्झवर ती चूक 7.3 किलोहर्ट्झ होते. अरुंद एफएमचा (वॉकीटॉकीसारख्या कमी रुंदीच्या एफएमचा) संदेश अर्धा गाळणीबाहेर (फिल्टरबाहेर) जातो, नुसती खरखर उरते आणि माणूस अँटेनाला दोष देत बसतो. डोंगल 20 मिनिटं तापू द्या, मग पक्की वारंवारता माहीत असलेल्या केंद्राशी जुळवून ही चूक दुरुस्त करा. तापमान सांभाळणाऱ्या स्फटिकाचा, 1 पीपीएमचा डोंगल घेतलात तर ही कटकट जवळजवळ संपते. स्थानक वेगाने जवळ येतं आणि लांब जातं, त्यामुळे साडेतीन किलोहर्ट्झपर्यंतचा फरक वर-खाली पडतोच. तो हाताने सांभाळावा लागतो.

शहरात आणखी एक त्रास: गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) पूर्ण वाढवला की एफएम केंद्रांची भुतं, म्हणजे खोटे सिग्नल, नको तिथे दिसू लागतात. गेन 25–30 डेसिबलवर आणा. तरी गेली नाहीत तर 88 ते 108 मेगाहर्ट्झ अडवणारी गाळणी लावा.

हे करताना चुकून कुणाचं खासगी बोलणं लागलंच, तर ट्यूनिंग पुढे सरकवा. रेकॉर्ड करू नका आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नका.