ताई आणि छोटू जागचे हलेनात

मुलांच्या साहसकथांचं संपादन करताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मुलं पळाली पाहिजेत. पान उलटलं की ती कुठेतरी पोहोचलेली हवीत, नाहीतर दहा वर्षांचा वाचक पुस्तक मिटून उठतो. त्या दिवशी आमच्याकडे आलेले गिर्यारोहण प्रशिक्षक नेमके याच्याच मुळावर उठले.

हस्तलिखित चांगलं होतं. थोरली बहीण आणि धाकटा भाऊ, म्हणजे ताई आणि छोटू, सहलीच्या गटापासून चुकतात, हिमवादळात सापडतात आणि दोन रात्री निर्जन डोंगरात काढून आपल्या पायांनी खाली उतरतात. संवाद खटकेबाज, वर्णनं नेमकी. चित्रकाराने मुखपृष्ठाचं कच्चं चित्रही करून ठेवलं होतं. पाठमोरी मुलं, समोर पांढराशुभ्र उतार आणि गळ्यात लाकडी पिंप अडकवलेला थोराड सेंट बर्नार्ड कुत्रा. जिवावर बेतणारे प्रसंग असले की आम्ही मजकूर जाणकाराला दाखवतो, कारण मुलं गोष्टीतलं खरं मानतात आणि मोठ्यांपेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतात. म्हणून सरांना बोलावलं. लेखिकाबाईही आल्या. तासाभरात उरकेल असा माझा अंदाज होता.

सरांनी समासांत पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. पहिल्याच खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "ही पोरं चालतायत कशाला?"

"हरवलीत ना सर," बाई म्हणाल्या. "वाट शोधतायत."

"हरवल्यावर वाट शोधायची नसते. बसायचं असतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सात प्रकरणं चालणाऱ्या मुलांना हा माणूस पहिल्याच प्रकरणात बसवायला निघाला होता.

सरांनी कागदावर एक टिंब काढलं. मुलं शेवटची दिसली ती जागा. शोधपथक तिथून सुरुवात करतं. मुलं तासभर कुठल्याही दिशेला चालली तर शोधायचं वर्तुळ एवढं होतं, दोन तास चालली तर त्रिज्या दुप्पट आणि क्षेत्र चौपट. शिवाय चालताना घाम येतो, कपडे आतून ओले होतात, आणि थांबल्यावर तोच ओलावा अंगातली ऊब खेचून घेतो. लहान मुलांचं वजनाच्या मानाने अंगाचं पृष्ठफळ जास्त, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू. आधी हुडहुडी, मग जीभ जड होते, पाय अडखळतात. "आणि हुडहुडी थांबली की लोकांना वाटतं बरं वाटायला लागलं. खरं तर तेव्हा प्रकरण हाताबाहेर जात असतं." त्यापुढच्या अवस्थेत काही जण उकडतंय म्हणून अंगावरचे कपडे काढून टाकतात, हेही त्यांनी सांगितलं. ते पुस्तकात घ्यायचं नाही यावर मात्र आमचं तिघांचं लगेच एकमत झालं.

बाई सहजासहजी ऐकणाऱ्यातल्या नाहीत. "अँडीजचं काय मग?" त्यांनी विचारलं. १३ ऑक्टोबर १९७२ ला उरुग्वेचं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. ४५ जणांपैकी शेवटी १६ वाचले, तेही ७२ दिवसांनी, आणि वाचले ते दोघे जण चालत निघाले म्हणूनच. प्रश्न रास्त होता. मलाही तोच पडला होता.

"कधी निघाले ते?" सरांनी उलट विचारलं. "शोध थांबवल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. कुणी येणार नाही हे नक्की झाल्यावरसुद्धा मधले आठवडे तग धरला, छोट्या फेऱ्या मारून अंदाज घेतला, आणि शेवटचा प्रवास सुरू केला तो डिसेंबरात, तिकडचा उन्हाळा तोंडावर आल्यावर. विमानाच्या शेपटीतल्या उष्णतारोधक अस्तराची झोपायची पिशवी शिवून. तुमच्या ताईला शोधायला माणसं निघालीत. तिला कुठं जायचंय?"

बाई गप्प झाल्या, पण चेहरा पडलेला. मग तहानेचं पान आलं. ताई छोटूला मूठभर बर्फ खायला देते. सर म्हणाले, बर्फ वितळवायला लागणारी उष्णता थोडीथोडकी नसते. शून्य अंशाचा बर्फ नुसता शून्य अंशाचं पाणी व्हायला जेवढी लागते, तेवढीत तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापेल. गारठलेल्या पोराने ती पोटातून का द्यावी? उन्हाला द्यायला लावा. अँडीजमधल्या त्याच मुलांनी आसनांमागचे धातूचे पत्रे उन्हात तिरके धरून त्यांवर बर्फ वितळवला होता. ताईजवळ डब्याचं झाकण आहेच.

पण खरी गंमत काडेपेटीवर झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ताई हातमोजे काढून काडी ओढते आणि शेकोटी पेटते, असा प्रसंग होता. सरांनी शिपायाकडून फ्रीजमधला बर्फाचा ट्रे मागवला, खडे दोन वाडग्यांत काढले, एक बाईंपुढे सरकवला, एक माझ्यापुढे. "दोन्ही मुठींत घट्ट धरा. मी सांगेन तेव्हा सोडा." पहिल्यांदा हसू आलं. मग बोटांच्या पेरांत कळ यायला लागली, मग ती कळ हळूहळू बधिर झाली. मुठी उघडल्यावर सरांनी काडेपेटी पुढे केली. माझ्या अंगठ्याला खोक्याची कड लागतच नव्हती. खोकं उलटं उघडलं आणि सगळ्या काड्या टेबलावर पसरल्या. बाईंनी एक काडी कशीबशी चिमटीत पकडली, ओढली, ती मधोमध मोडली. दुसरी ओढली, तीही मोडली. खोलीत पंखा चालू होता, आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो, आणि एक साधी काडी आम्हाला पेटवता येत नव्हती.

बाईंनी तिथल्या तिथे पान खोडलं. "ताईने आदल्या संध्याकाळी, बोटं चालतायत तोवर, सगळी तयारी करून ठेवायची," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या वहीत लिहायला लागल्या, आणि सर बोलायचे थांबले की त्याच प्रश्न विचारायच्या. मुलं रात्र काढायला बर्फात जे बीळ खणतील, त्याचं तोंड झोपायच्या जागेपेक्षा खाली का? कारण गार हवा जड, ती खाली उतरते. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, म्हणून बाहेर कितीही थंडी असली तरी आत शून्याच्या जवळपास राहतं. काठी खुपसून छताला भोक पाडायचं आणि बर्फ पडत असताना ते पुन्हा पुन्हा मोकळं करायचं, नाहीतर आतली हवा कोंदते. बुडाखाली सॅक किंवा डहाळ्या हव्यातच. शिट्टी मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं.

कुत्र्याचं पिंप गेलं, हे सांगायला नकोच. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठाचे कुत्रे खरेच, त्यांतला १८०० साली जन्मलेला बॅरी तर जगप्रसिद्ध, पण गळ्यातलं ब्रँडीचं पिंप १८२० मध्ये एडविन लँडसीअर या पोरसवदा चित्रकाराने चित्रात रंगवलं तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलं. गारठलेल्याला दारू पाजणं तर घातकच. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि असलेली उष्णता निघून जाते. हिमदंश झालेल्या बोटांना बर्फ चोळायचा सल्लाही असाच चिवट. नेपोलियनचा शल्यविशारद लारे याने १८१२ च्या रशियातल्या माघारीनंतर तो मांडला आणि पुढे शंभरावर वर्षं डॉक्टर मंडळी तो देत राहिली. आमच्या हस्तलिखितातही होताच.

दुपार टळली तेव्हा मी शेवटी मनातली शंका बोलून दाखवली. सगळं पटलं, पण दोन मुलं एका बिळात बसून आहेत, हे वाचणार कोण?

सर जरा थांबले. "हरवलेली लहान मुलं पुष्कळदा हाकेला ओ देत नाहीत," ते म्हणाले. "शोधणारे नाव घेऊन ओरडत अगदी जवळून जातात आणि पोर दडून बसतं. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही म्हणून घरी शिकवलेलं असतं. किंवा रागावतील म्हणून. काहींना तर हेल्मेट-गॉगल घातलेला माणूसच भुतासारखा वाटतो."

बाईंचं पेन थांबलं. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "छोटू ताईचं तोंड दाबून धरतो."

गोष्ट तिथे सापडली. नव्या खर्ड्यात पहिल्या रात्रीपासूनच छोटूला शिक्षेची भीती आहे, कारण गट सोडून कोल्ह्याच्या पावलांमागे जायची कल्पना त्याची. शिट्टी त्याच्याच गळ्यात आहे. ताईचा आवाज बसलाय. बाहेर माणसं हाका मारतायत, आणि बहीण-भावात बिळाच्या आत झटापट चाललीय. वाचताना मी खुर्चीच्या काठावर आले होते, आणि त्या आठ पानांत कुणी दोन हातांपलीकडे सरकलेलं नाही.

एका बाबतीत मात्र बाई हटल्या नाहीत. मूळ गोष्टीत छोटू रागाने किंचाळतो आणि हिमकडा कोसळतो. ओरडण्याने हिमकडे कोसळत नाहीत, सर म्हणाले, ते वजनाने सुटतात, आणि सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते वजन त्यांचं स्वतःचं किंवा सोबत्याचं असतं. "हरकत नाही," बाई म्हणाल्या. "मुलं बसलेलीच आहेत. पहिल्या खर्ड्यात ती ज्या उतारावरून चालत गेली होती, तोच उतार त्यांच्या डोळ्यांदेखत सुटू दे. वाऱ्याने साठलेला बर्फ पुरेल ना त्याला? हा प्रसंग माझा. याला हात लावाल तर हस्तलिखित परत घेऊन जाईन."

सरांनी हात लावला नाही. समासात फक्त उताराचा कोन लिहून दिला, ३५ अंश, आणि चित्रकाराला तो बरोबर काढायला सांगा म्हणाले.