दुसऱ्या मशीनवरची मुलगी

धरमपेठेत माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. नागपुरात आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, मुलींची स्पर्धा आली की आठवडाभर कोर्टाशेजारी गटिंगची, म्हणजे रॅकेटला तारा ओढायची, दोन मशीनं मांडून बसतो. संध्याकाळी रॅकेटींचा ढीग पडतो, प्रत्येकीवर चिठ्ठी : उभ्या तारांना 52 पाउंड ताण, आडव्यांना 50. दुपारी आपल्याकडची कोरडी हवा लागून बॉल उडायला लागले की त्याच मुली दोन पाउंड वाढवून मागतात.

त्या दिवशी माझा पोरगा तापाने घरी. ढीग वाढत होता, तेवढ्यात एक मुलगी येऊन उभी राहिली.

‘काका, ते मशीन रिकामंच आहे ना? मी बसते. रॅकेटमागे निम्मे द्या.’

मला वाटलं थट्टा करतेय. ती स्पर्धेतलीच खेळाडू, सांगलीकडची, एकेरीच्या जागतिक क्रमवारीत नऊशेच्या पलीकडे. सकाळीच पहिली फेरी जिंकली होती. त्याचा क्रमवारीत एक पॉइंट, विम्बल्डन जिंकणारीला 2000. तो एकही 52 आठवड्यांनी गळून जातो. स्पर्धा 15 हजार डॉलरची म्हणतात, पण ते सगळ्यांचे मिळून. पहिल्याच फेरीत हरलं तर हातात दीडशेच्या आसपास, आणि क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे आधीच्या पात्रता फेरीत, हरलं तर काहीच नाही. उलट एन्ट्री फी 40 डॉलर भरलेली. तरी क्लबातल्या एका गृहस्थांनी तिला माझ्यादेखत विचारलं, ‘सानियासारखी टीव्हीवर कधी दिसणार?’ सानिया मिर्झा एकेरीत 27व्या क्रमांकापर्यंत गेली होती. बाकी आकडे कोण बघतो!

हात मात्र काय होता तिचा! एकाच बाजूच्या उभ्या तारा भराभर ओढल्या तर फ्रेम पिळते; ही मधून सुरुवात करून डावी-उजवी करत बाहेर जात होती. आडव्या विणताना पुढची ओळ आधीच घालून ठेवायची, मग बोटं सोलत नाहीत. अडलेलं भोक मोकळं करायच्या आरीला तर तिने हातच लावला नाही. हॉटेलच्या खोलीत, बॅगेतल्या छोट्या मशीनवर इतरांच्या रॅकेटी करून शिकली म्हणाली.

आठच्या सुमारास ढिगातून थायलंडच्या मुलीची रॅकेट निघाली. दुसऱ्या दिवशी हिची गाठ तिच्याशीच. मी ती रॅकेट हळूच माझ्याकडे ओढली.

‘आणा इकडे, माझी पाळी आहे.’

जुन्या तारा काढल्या तर डोक्याकडचं ग्रोमेट, म्हणजे तारेच्या भोकातली प्लास्टिकची नळी, चिरलेलं. तिथलं प्लास्टिक गेलं की तार थेट ग्रॅफाइटच्या धारेवर बसते आणि दोन-चार गेममध्ये कापली जाते. चिठ्ठीवर याबद्दल अक्षर नव्हतं. तिने माझ्या डब्यातली ट्यूब कापून भोकात बसवली, वर चामड्याचा तुकडा ठेवला आणि मग तार ओढली. ती चहाला गेल्यावर मी तारांचा ताण मोजायचा मीटर लावून बघितलं. का बघितलं ते विचारू नका. चोख होतं.

सामन्यात थाई मुलीच्या दुसऱ्या रॅकेटची तार पहिल्याच सेटमध्ये तुटली. पुढचा सगळा खेळ तिने हिने ओढून दिलेल्या रॅकेटवर काढला आणि तिसरा, शेवटचा सेट 7-5 ने घेऊन सामना जिंकला.

पोरगा बरा होऊन आला, त्याला हे सांगितलं. ‘कायले केलं बे तिनं असं? नुसती ओढून दिली असती!’ एक कोच म्हणाले, हिच्यात किलर इन्स्टिंक्टच नाही. स्वतःच्या रॅकेटची ग्रिपसुद्धा माझ्याकडून गुंडाळून घेणारा माणूस! पण ती तार तुटली असती तर सामना फिरला असता, हे माझ्याही डोक्यातून जात नाही. तिच्या डोक्यात त्या वेळी काय होतं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

संध्याकाळी गाडी पकडण्याआधी ती हिशेबाला आली. मी पैसे मोजून दिले. तिने पुन्हा मोजले.

‘ट्यूबचं काम वेगळं धरता ना, काका?’

थाई मुलीकडून त्याचे मी काही घेतले नव्हते. गल्ल्यातून काढून दिले.