लॅटिनची वही: कृदन्ते, आणि मराठीचा '-ऊन'

सीझरच्या गॅलिक युद्धाचे पहिले पुस्तक वाचायला घेतले आणि क्रियापदांचे तक्ते पाठ असूनही वाक्ये अडू लागली. सीझर मुख्य क्रियापद बहुधा शेवटी ठेवतो आणि त्याआधीची सगळी धावपळ कृदन्तांच्या (धातूपासून बनलेल्या, विशेषणासारख्या रूपांच्या) गळ्यात घालतो. म्हणून विभक्तींची उजळणी बाजूला ठेवून सध्या फक्त कृदन्ते चालू आहेत. ही त्याची नोंद.

आधी लिपीचे सांगतो. मी वहीत लॅटिन देवनागरीतच लिहितो, अभिजात उच्चार धरून. त्यामुळे 'कप्त' (घेतलेली, प्रथमा) आणि 'कप्ता' (तेच रूप, पण अब्लेटिव्ह, म्हणजे साधारण आपल्या तृतीया-पंचमीचे काम करणारी विभक्ती) यांतला फरक कागदावर आपोआप उतरतो. दीर्घचिन्हे न छापलेल्या पुस्तकात ही दोन्ही रूपे सारखीच दिसतात. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपल्या लिपीत दाखवता येत नाही, तिथे पाठांतराला पर्याय नाही.

आता माल किती आहे ते. 'प्रेम करणे' या धातूची कृदन्ते चारच: अमान्स (प्रेम करणारा, करत असलेला), अमातुस (ज्याच्यावर प्रेम केले गेले असा), अमातूरुस (पुढे प्रेम करणार असलेला) आणि अमन्दुस (ज्याच्यावर प्रेम करायला हवे असा). शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी पहिल्याच्या जागी शतृ, दुसऱ्याच्या जागी क्त आणि चौथ्याच्या जागी तव्य-अनीय ठेवून पाहावे, बरेच काम तिथेच होते. पण संस्कृतच्या मानाने लॅटिनचे कपाट अर्धे रिकामे आहे. 'कृतवान्' सारखे भूतकाळी कर्तरी कृदन्त नाही, आणि वर्तमान कर्मणीही नाही. 'गोषु दुह्यमानासु गतः' (गाई दोहल्या जात असताना गेला) हे सति सप्तमीचे नेहमीचे उदाहरण लॅटिनमध्ये कृदन्ताने होणारच नाही, 'दुम' ('असताना' या अर्थाचे अव्यय) लावून वेगळे उपवाक्य करावे लागेल.

माझ्या मते लॅटिन वाक्यरचनेची निम्मी चाल या पहिल्या उणिवेतून निघते. 'शहर घेऊन सीझर परतला' असे म्हणायचे, तर 'घेऊन' या अर्थाचे रूपच हाताशी नाही. मग शहरालाच 'घेतले गेलेले' करायचे आणि अब्लेटिव्हमध्ये उभे करायचे: उर्बे कप्ता. यालाच अब्लेटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट म्हणतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून शिकताना याचे आधी शब्दशः, कर्मणी भाषांतर करायला लावतात आणि मग ते ओढाताणीचे वाक्य सरळ करायला सांगतात. मराठी माणसाने हा वळसा का घ्यावा? आपल्याकडे '-ऊन' आहे. सीझरने घेतले आणि सीझरच परतला, म्हणजे कर्ता एकच, तर सरळ 'घेऊन'.

कर्ता वेगळा असेल तर मात्र '-ऊन' चालत नाही. 'शत्रूने शहर घेऊन सीझर परतला' असे मराठीत कोणी म्हणणार नाही. तिथे '-ल्यावर' किंवा '-ले असता' लागते. लॅटिन दोन्ही ठिकाणी तेच उर्बे कप्ता ठेवते आणि शहर कोणी घेतले ते वाचणाऱ्यावर सोडते. म्हणून प्रत्येक अब्लेटिव्ह अ‍ॅब्सोल्यूटपाशी मी समासात पेन्सिलीने कर्ता लिहितो, मगच प्रत्यय ठरवतो.

पहिल्या पुस्तकाच्या पंचविसाव्या प्रकरणात या सगळ्याची परीक्षा होते. इसवी सनपूर्व 58, हेल्वेती टोळ्यांविरुद्धची लढाई तोंडावर आली आहे. सीझर घोडे दूर पाठवतो, आधी स्वतःचा, मग सगळ्यांचे: रेमोतीस एक्वीस. मग 'उत' ('म्हणून', हेतू सांगणारे अव्यय) च्या पोटात ऐक्वातो ओम्निउम पेरीकुलो, म्हणजे सगळ्यांचा धोका समान केलेला. शेवटी कोहोर्तातुस सुओस, आणि प्रोएलिउम कोम्मीसित. माझे भाषांतर असे झाले: 'आधी स्वतःचा आणि मग सगळ्यांचे घोडे नजरेआड पाठवून, धोका सर्वांना सारखा करून पळून जाण्याची आशाच संपवावी म्हणून, आपल्या माणसांना धीर देऊन सीझरने लढाईला तोंड फोडले.'

पाठवून, करून, देऊन. मराठीत तिघे एका माळेचे मणी, लॅटिनमध्ये मात्र ते एकाच जातीचे नाहीत. पहिली दोन अब्लेटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट आहेत, रूप कर्मणी. कोहोर्तातुस डिपोनंट धातूचे आहे, रूप कर्मणी दिसते पण अर्थ कर्तरी, आणि ते थेट सीझरला लागते, म्हणून प्रथमेत. जिथे डिपोनंट धातू मिळतो तिथे लॅटिनला तो हरवलेला भूतकाळी कर्तरी अर्थ फुकटात मिळतो: प्रोफेक्तुस म्हणजे निघालेला, सेकूतुस म्हणजे मागे गेलेला, मोर्तुउस म्हणजे मेलेला. मराठी इतकी गुळगुळीत उतरते की हा फरक हातातून निसटतो. म्हणून मी भाषांतराआधी वेगळ्या ओळीत रूप ओळखून ठेवतो. कंटाळवाणे आहे, पण सोडू नये.

आपल्या '-लेला'ची गंमतही इथेच कळली. सकर्मक धातूला तो कर्मणी असतो (घेतलेले शहर), अकर्मकाला कर्तरी (आलेला माणूस). आणि मग जेवलेला, प्यायलेला, शिकलेला अशी काही मंडळी, जी धातू कसाही असला तरी कर्त्यालाच चिकटतात. लॅटिनमध्ये हाच गट जवळजवळ तसाच आहे! केनातुस म्हणजे जेवलेला, प्रान्सुस म्हणजे दुपारचे जेवण झालेला, पोतुस म्हणजे प्यायलेला, आणि 'प्यायलेला' ज्या अर्थाने आपण डोळा मिचकावून म्हणतो त्याच अर्थानेही. कतुल्लुसच्या एका चावट कवितेत (क्रमांक 32, मुलांसमोर वाचू नका) 'प्रान्सुस यकेओ' आहे: जेवून पडलोय. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे तळटीप लागते, आपल्याला लागत नाही.

काही ठिकाणी लॅटिनकडे कृदन्तच नसते आणि मराठीकडे असते. 'असणे' या धातूला अभिजात लॅटिनमध्ये वर्तमान कृदन्त नाही. म्हणून हेल्वेती सरदार ओर्गेतोरिक्सच्या कटाचे वर्ष सांगताना सीझर फक्त दोन नावे आणि 'कोन्सुलिबुस' (कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले रोमचे दोन प्रमुख अधिकारी) एवढेच अब्लेटिव्हमध्ये ठेवतो. आपण म्हणायचे 'मेसाला आणि पीसो कॉन्सल असताना', म्हणजे इसवी सनपूर्व 61. 'असताना' पदरचे घालायला कचरू नका.

वर्तमान कृदन्ताबद्दल थोडक्यात. त्याचा काळ मुख्य क्रियापदाच्या काळाशी जुळवायचा, घड्याळाशी नाही, आणि '-ताना' हे आपोआप करते. व्हर्जिलच्या 'एनीड'च्या दुसऱ्या सर्गात लाओकून लाकडी घोड्याबद्दल बजावतो: 'तिमेओ दनओस एत दोन फेरेन्तेस' (यातले 'दोन' म्हणजे भेटी, आकडा नव्हे). नुसते 'भेटी आणताना' म्हटले तर जोर जातो. इथला 'एत' म्हणजे आपला 'ही': 'भेटी आणतानाही ग्रीकांची मला धास्ती वाटते.' कारण, अट, विरोध यांतले काय ते कृदन्त स्वतः सांगत नाही, संदर्भ सांगतो.

भविष्य कृदन्त मराठीला सर्वात सोपे, '-णार' तयारच आहे. क्रेदो या प्रार्थनेतले 'वेन्तूरुस एस्त' म्हणजे अक्षरशः 'येणार आहे'. 1960 च्या दशकापर्यंत चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, त्यामुळे वसई-गोव्याकडच्या जुन्या पिढीच्या कानांवरून हे गेलेले आहे, अर्थात चर्चच्या उच्चारात. दुसरे उदाहरण सर्वांना माहीत असते, पण अर्धवट: 'मोरितूरी ते सलूतन्त', मरणारे तुला वंदन करतात. रोमन चरित्रकार सुएतोनिउस हे वाक्य सम्राट क्लॉडियसच्या चरित्रात देतो. प्रसंग इसवी सन 52 चा, फुकिनुस सरोवरावरच्या नकली नौकायुद्धाचा. ग्लॅडिएटर प्रत्येक खेळाआधी असे म्हणत, याला आधार नाही. क्लॉडियस उत्तरला, 'औत नोन', किंवा नाहीही. त्यावर 'क्वसि वेनिआ दता', म्हणजे जणू माफीच मिळाली असे धरून, कोणी लढायलाच तयार होईना. इथे माफी देणारा एक आणि न लढणारे दुसरे. '-ऊन' घालून बघा, वाक्य लगेच मोडते.

आता अडलेली जागा. लॅटिन कृदन्त कधी कधी विशेषण न राहता अख्खी घटना होते. 'अब उर्बे कोन्दिता' म्हणजे 'वसवलेल्या शहरापासून' नव्हे, तर 'शहर वसवल्यापासून'. इथे मराठी कमालीची जुळते: वसवल्यापासून, वसवल्यावर, वसवल्याशिवाय, सगळे '-ल्या' वर उभे. पण हीच घटना प्रथमेत आली की आपली पंचाईत. रोमन इतिहासकार टॅसिटस 'अनाल्स'च्या पहिल्या पुस्तकात 'ओक्कीसुस दिक्तातोर कैसर' हे काहींना अत्यंत नीच आणि काहींना अत्यंत सुंदर कृत्य वाटले असे लिहितो. 'मारलेला सीझर' हे कृत्य कसे असेल? '-लेला' इथे हात टेकतो. 'सीझरला मारणे' असे नाम करावे लागते आणि टॅसिटसच्या वाक्यात जो माणूसच कर्ता म्हणून समोर पडलेला असतो, तो मराठीत द्वितीयेत सरकतो. 'सीझर मारला गेला हे' असे करून पाहिले, कर्ता राहिला, पण लय गेली. यावर कोणाकडे चांगला तोडगा असेल तर जरूर सांगा.

पुढचा मुक्काम चौथ्या कृदन्तावर. 'कर्थागो देलेन्द एस्त' हे 'कार्थेज नगर नष्ट करायला हवे' म्हणून सुटते. पण 'अद एआस रेस कोन्फिकिएन्दास', म्हणजे 'ही कामे उरकण्यासाठी', इथे तेच रूप 'हवे' चा अर्थ टाकून देते. पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणापासून अशी उदाहरणे वेगळ्या पानावर उतरवायला सुरुवात केली आहे.